सर्पगंधा, खाजकुयली आणि कंपवाताची उदासी

कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या, रोग्याला दवाखान्यात नेलं की घरचे बहुधा एकच तक्रार सांगतात, हात थरथरतो. बाकीचं घरातच राहतं. म्हातारा हल्ली पारावर जात नाही, नातवाशी बोलत नाही, पोळ्याच्या दिवशी बैलांकडे फिरकला नाही, पुढ्यातलं ताट तसंच सारून ठेवतो, पहाटे तीनला उठून बसतो. याला घरात नाव असतं, ‘आजारानं खचला’. यवतमाळसारख्या जिल्ह्यात तर खचणं हा शब्दच रोजचा झाला आहे. कापसाचा भाव, नापिकी आणि कर्ज यांपायी हा जिल्हा शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत इतका आला, की तिथं एखाद्या थरथरत्या म्हाताऱ्याची उदासी वेगळी काढून पाहावी असं कुणाच्या मनातही येत नाही.

पण ती वेगळी काढून पाहायला हवी. कंपवातातली उदासी हा पुष्कळदा त्या आजाराचाच एक भाग असतो. ज्या रसायनांच्या तुटवड्यानं हातपाय आखडतात, त्यांच्याच भावकीतली रसायनं मनही आखडून टाकतात. हे वैद्यकाला कळलं त्याची हकिकत मोठी आहे, आणि ती आपल्याच मातीतल्या दोन वनस्पतींमधून जाते. एक सर्पगंधा, दुसरी खाजकुयली.

सर्पगंधेपासून सुरुवात करू. बिहारमध्ये हिच्या मुळीला ‘पागल की दवा’ म्हणत. बेभान झालेल्या माणसाला शांत करायला, झोप आणायला ती दिली जाई. १९३१ साली कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर हिचा उपयोग होतो, असा लेख प्रसिद्ध केला. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि रफत सिद्दिकी यांनी मुळीतली काही द्रव्यं वेगळी केली आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून ‘अजमलीन’ असं नाव दिलं. हे सारं भारतातच राहिलं. बाहेरच्या वैद्यकानं त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

पाहायला लावलं ते मुंबईच्या एका हृदयरोगतज्ज्ञानं. परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील. १९४९ साली त्यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधा वापरून आलेले निष्कर्ष छापले. त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर धड औषधच नव्हतं. मीठ बंद करा, विश्रांती घ्या, एवढ्यावरच भागवावं लागे, नाहीतर मोठी शस्त्रक्रिया. अशा वेळी मुंबईहून आलेला हा लेख बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी वाचला, मुळी मागवली आणि स्वतः वापरून पाहिली. डॉ. वकील यांना पुढे १९५७ साली अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला आणि पाठोपाठ पद्मभूषण. आज वैद्यकीय महाविद्यालयांबाहेर त्यांचं नाव किती जणांना माहीत आहे, हा प्रश्नच आहे. क्रिकेटपटूंच्या धावा पाठ असणाऱ्या शहरानं त्यांना इतकं विसरावं, हे मला खटकतं.

१९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात सिबा कंपनीच्या म्युलर, श्लिटलर आणि बाइन या तिघांनी मुळीतलं मुख्य द्रव्य वेगळं केलं. त्याचं नाव रेसरपीन. पुढच्याच वर्षी अहमदाबादच्या डॉ. आर. ए. हकीम यांनी मनोरुग्णांवरच्या सर्पगंधेच्या प्रयोगांचा निबंध वाचला, त्याची बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये आली आणि ती वाचून नेथन क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञानं आपल्या रॉकलँड रुग्णालयातल्या रोग्यांना हे औषध द्यायला सुरुवात केली. जिथं रात्रंदिवस आरडाओरडा आणि बांधून ठेवलेली माणसं, तिथं शांतता आली. क्लोरप्रोमाझिन त्याच सुमाराला फ्रान्सहून येत होतं. मनाच्या आजारांवर गोळ्या असू शकतात, ही कल्पनाच या दोन औषधांनी रुजवली.

पण लगेचच कुरबुरी सुरू झाल्या. १९५४ साली फ्राइस या डॉक्टरनं कळवलं, की रक्तदाबासाठी मोठ्या मात्रेत बराच काळ रेसरपीन घेणारे काही रुग्ण गंभीर उदासीत गेले आहेत. इकडे मनोरुग्णालयांमधून वेगळीच तक्रार येऊ लागली. औषध चालू असलेल्यांचे चेहरे कोरे होतात, चाल मंदावते, हात थरथरतात. हुबेहूब कंपवात! औषध थांबवलं की बहुतेकांची ही लक्षणं ओसरत. एकच मुळी माणसाचं अंग आखडवते आणि त्याचं मनही काळवंडून टाकते, हे त्या वेळच्या डॉक्टरांसमोर आलेलं कोडं होतं. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली सहा रुग्णांवरून या आजाराचं वर्णन केलं तेव्हा बुद्धी आणि इंद्रियं शाबूत राहतात असं म्हटलं होतं. त्यामुळे मनाचं काय होतं हा प्रश्न सव्वाशे वर्षं जवळजवळ बाजूलाच पडला होता.

१९५५ साली अमेरिकेत बेथेस्डा इथं ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत पहिला धागा हाती आला. रेसरपीन दिलेल्या प्राण्यांच्या शरीरातून सेरोटोनिन हे द्रव्य निघून जातं. वर्षभरात कळलं, की मेंदूतलं नॉरअ‍ॅड्रेनलीनही तसंच संपतं. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी ज्या रसायनांतून बोलतात, ती रसायनं त्या पेशी लहान लहान पिशव्यांमध्ये साठवून ठेवतात. रेसरपीन या पिशव्यांमध्ये साठवण होऊच देत नाही. कणगीला भोक पडल्यावर वरून कितीही धान्य ओता, तसा प्रकार. ब्रॉडींच्या प्रयोगशाळेत काही महिने काम करून गेलेला एक स्वीडिश माणूस, आर्विद कार्लसन, मायदेशी परतून या रिकाम्या कणगीच्या मागेच लागला.

१९५७ साली कार्लसन, लिंडक्विस्ट आणि माग्नुसन यांनी सशांना रेसरपीन दिलं. ससे निपचित पडले, कान लोंबले, हलवलं तरी हलेनात. मग त्यांना डोपा नावाचं द्रव्य टोचलं. थोड्याच वेळात कान ताठ झाले आणि ससे उड्या मारू लागले. कान पाडून बसलेले ससे आणि कान ताठ केलेले ससे, या दोन छायाचित्रांनी मेंदूविज्ञानात जेवढी उलथापालथ केली तेवढी फार थोड्या चित्रांनी केली असेल. डोपापासून मेंदूत डोपामिन बनतं. तोवर डोपामिनला कोणी विचारत नव्हतं. नॉरअ‍ॅड्रेनलीन बनताना मध्येच येणारी एक पायरी, एवढीच त्याची ओळख होती. कार्लसन यांच्या गटानं दाखवलं, की मेंदूत डोपामिन मुबलक असतं आणि हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागात तर त्याचा साठाच असतो. १९६० साली लंडनच्या परिषदेत मोठमोठ्या ब्रिटिश संशोधकांनी त्यांच्यावर शंका घेतली. कार्लसन यांनी काम सोडलं नाही.

त्याच वर्षी व्हिएन्नात ओलेह हॉर्निकेविझ आणि हर्बर्ट एहरिंगर यांनी कंपवातानं दगावलेल्या सहा जणांचे मेंदू तपासले. निरोगी मेंदूच्या त्या विशिष्ट भागाच्या अर्कात रसायन घातलं की गुलाबी रंग येई. कंपवाताच्या मेंदूंमधून तो जवळजवळ आलाच नाही. यंत्रावर आकडा पाहायच्या आधीच तुटवडा नुसत्या डोळ्यांना दिसला. पुढच्या वर्षी हॉर्निकेविझ आणि बिर्कमायर यांनी रोग्यांना डोपाची इंजेक्शनं दिली, तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसं थोडा वेळ का होईना उठून चालली. १९६७ साली न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवनमध्ये जॉर्ज कोत्झियास यांनी १६ रुग्णांना तेच द्रव्य तोंडावाटे, मात्रा हळूहळू वाढवत मोठ्या प्रमाणात दिलं आणि निम्म्यांमध्ये विलक्षण सुधारणा झाली. १९७० साली अमेरिकेत डोपाच्या ‘लेव्होडोपा’ या रूपाला औषध म्हणून मान्यता मिळाली. २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळालं, हॉर्निकेविझ राहिले. दोनशेहून अधिक मेंदूशास्त्रज्ञांनी त्याबद्दल जाहीर पत्र लिहिलं, आणि माझ्या मते ते रास्त होतं.

आता खाजकुयली. यवतमाळच्या रानाला हिची ओळख करून द्यायला नको. पावसाळा सरला की कुंपणांवर, नाल्याकाठच्या झुडपांवर हिच्या तपकिरी केसाळ शेंगा लोंबू लागतात आणि शहाणी माणसं चार हात लांबून जातात. अंगाला शेंग घासली की आग आग होते. शेंगेच्या आतल्या टणक बियांना कवचबीज म्हणतात आणि वैद्य त्यांना कपिकच्छू, आत्मगुप्ता या नावांनी ओळखतात. त्या बिया ते वातविकारांवर आणि शक्तीसाठी देत आले आहेत. १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी या बियांमध्ये डोपा असल्याचं दाखवलं. बीच्या वजनाच्या सुमारे ५ टक्के! त्या वेळी या माहितीचं काय करायचं, हे जगात कोणालाच ठाऊक नव्हतं. डोपामिनचा तुटवडा कळायला अजून तेवीस वर्षं होती. सर्पगंधेनं मेंदूतला साठा रिकामा कसा होतो ते दाखवलं आणि तो भरणारं द्रव्य खाजकुयलीच्या बीत आधीपासूनच बसलेलं होतं. इतिहासात असे योगायोग आले की भाबडेपणानं ‘आपल्याकडे सगळं होतंच’ असं म्हणायचा मोह होतो. तो टाळावा. बी आपल्याकडे होतं, पण ते कशावर आणि का चालतं हे कळायला सशांचे कान आणि व्हिएन्नातले मेंदू लागले.

मुंबईकरांनी हा धागा सोडला नाही, ही मात्र आनंदाची गोष्ट. १९७८ साली डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांना या बियांची पूड देऊन पाहिली आणि ‘न्यूरॉलॉजी इंडिया’त निष्कर्ष छापले. १९९५ साली झंडूच्या एचपी-२०० या तयार चूर्णाची ६० रुग्णांवर बारा आठवड्यांची चाचणी झाली आणि लक्षणं कमी झाल्याचं दिसलं. २००४ साली लंडनमध्ये आठ रुग्णांवरच्या काटेकोर तुलनेत ३० ग्रॅम पुडीचा गुण नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर आला आणि जास्त वेळ टिकला. म्हणून कुणी रानातून शेंगा आणून घरी पूड कुटू नये. प्रत्येक बीत डोपा सारखा नसतो, ओकाऱ्या होतात, रक्तदाब खाली जातो, आणि आधीच लेव्होडोपा चालू असेल तर मात्रा दुप्पट व्हायला वेळ लागत नाही.

मुंबईनं या आजाराच्या अभ्यासाला आणखी एक मोठी देणगी दिली. १९८८ साली नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या पारशी वसाहतींमध्ये घरोघर फिरून १४,०१० जणांची पाहणी केली. त्यात ४६ जणांना कंपवात आढळला, म्हणजे लाखात ३२८. जगातल्या तोवरच्या आकड्यांमध्ये तो फार वरचा होता. घराघरांत जाऊन शोधल्याशिवाय हा आजार सापडत नाही, हे त्यातून पक्कं कळलं.

पण मन? तिथं कहाणी गुंतागुंतीची झाली. लेव्होडोपानं हात सुटले, पावलं सुटली, तरी कित्येकांची उदासी तशीच राहिली. डोपामिन हेच जर सगळं असतं, तर असं व्हायला नको होतं. १९६५ साली जोसेफ शिल्डक्राउट यांनी उदासीचं कारण नॉरअ‍ॅड्रेनलीनच्या तुटवड्यात शोधलं आणि पुराव्यांत रेसरपीनचं उदाहरण पुढे केलं. पुढे सेरोटोनिनवरही अशीच बाजू मांडली गेली. पाठ्यपुस्तकांमध्ये ‘रेसरपीन दिलं म्हणजे उदासी येते’ हे वाक्य पक्कं बसलं. वास्तविक १९५५ सालीच लंडनच्या मायकल शेफर्ड यांनी उदास आणि चिंताग्रस्त रुग्णांना रेसरपीनचा गुण आल्याचं ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं होतं, पण तो निष्कर्ष मागे पडला. २००३ साली बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी जुने सगळे कागद पुन्हा वाचले आणि रेसरपीनमुळे उदासी येते हे खूप फुगवून सांगितलं गेलं, असा निर्वाळा दिला. एका गोष्टीची सोय झाली की विज्ञानही तिच्यावर विसंबून राहतं. फ्राइसच्या मोजक्या रुग्णांवर अर्धशतकभर एक सिद्धांत उभा होता.

सिद्धांत अर्धवट निघाला म्हणून कंपवाताच्या रोग्याची उदासी खोटी ठरत नाही. तिच्यामागचे पुरावे वेगळ्या वाटेनं आले. १९८०च्या दशकात रिचर्ड मायू यांनी दाखवलं, की कंपवाताबरोबर उदासी असलेल्यांच्या मणक्यातल्या पाण्यात सेरोटोनिनचं उरलेलं द्रव्य कमी असतं. २००३ साली जर्मनीच्या हाइको ब्राक यांनी मेंदूंचे तुकडे पायरीपायरीनं मांडले. बिघाड बहुधा मेंदूच्या बुडाशी आणि वास घेणाऱ्या भागाजवळ सुरू होतो, मग नॉरअ‍ॅड्रेनलीन आणि सेरोटोनिन तयार करणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांना गाठतो आणि त्यानंतर डोपामिनच्या काळ्या पेशींपर्यंत पोचतो. म्हणजे हात थरथरायच्या कितीतरी आधी मन बसू शकतं. वास येईनासा होतो, बद्धकोष्ठ होतं, झोपेत हातपाय झाडले जातात, आणि काहींना काही कारण नसताना उदास वाटतं. २००५ साली फ्रान्समध्ये पेट स्कॅनवर दिसलं, की उदास रोग्यांच्या भावनांशी जोडलेल्या भागांत डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलीन या दोघांचे धागे विरळ झालेले असतात. २००८ साली अनेक अभ्यासांची बेरीज केली तेव्हा सुमारे १७ टक्के रुग्णांत तीव्र उदासी आणि ३५ टक्क्यांत औषधोपचार करावेत अशी उदासीची लक्षणं आढळली. तिघांत एक!

तरी ती ओळखली जात नाही, याचं एक कारण आजाराच्या चेहऱ्यातच आहे. कंपवातानं चेहरा कोरा होतो, आवाज खाली जातो, हालचाल मंदावते, झोप बिघडते, वजन उतरतं. उदासीतही हेच होतं. मुखवट्यामागे माणूस उदास आहे की नुसता आजारी, हे बाहेरून सांगता येत नाही. शिवाय गोळीचा अंमल उतरायला लागला, की काहींचं मन तासाभरात कोसळतं, जीव घाबरा होतो, आणि पुढची गोळी लागू पडली की पुन्हा सावरतं. घरच्यांना वाटतं, बाबा लहरी झालेत.

आता यवतमाळला परत येऊ, कारण या इतिहासाचा एक पाय शेतात आहे. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी माणसं अचानक कंपवातानं गोठली. विल्यम लँगस्टन यांनी शोधलं, की त्यांनी टोचून घेतलेल्या भेसळीत एमपीटीपी नावाचं द्रव्य होतं आणि मेंदूत त्याचं जे रूप तयार झालं त्यानं डोपामिनच्या पेशी मारल्या. त्या रूपाची रचना पॅराक्वाट या तणनाशकाशी कमालीची मिळतीजुळती होती. २०११ साली अमेरिकेत कॅरोलिन टॅनर यांच्या शेतकरी-अभ्यासात पॅराक्वाट किंवा रोटेनोन हाताळलेल्यांमध्ये कंपवाताचं प्रमाण सुमारे अडीचपट आढळलं. पॅराक्वाटवर युरोपीय संघानं २००७ साली बंदी घातली. आपल्याकडे ते विकलं जातं. एखाद्या शेतकऱ्याचा कंपवात फवारणीनं झाला असं कोणत्याही डॉक्टरला ठामपणे सांगता येत नाही, आणि तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. पण २०१७च्या हंगामात यवतमाळच्या कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जण गेले आणि शेकडो आजारी पडले, तेव्हा तोंडाला रुमाल बांधून, अनवाणी, पाठीवर पंप घेऊन शेतकरी आणि मजूर कशात उतरतात ते साऱ्या देशानं पाहिलं. त्या मजुरांच्या मेंदूंचं वीस वर्षांनी काय होईल, हे तपासायची तयारी आज करायला हवी.

मनाच्या आजारावर सरकारनं या जिल्ह्यात काहीच केलं नाही, असं नाही. २०१५ साली आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ आला. त्यात आशाताईंनी घरोघर जाऊन उदासीची लक्षणं असलेली माणसं शोधायची आणि पुढं पाठवायची, अशी रचना होती. त्याच वर्षी यवतमाळमध्ये ‘बळीराजा चेतना अभियान’ही सुरू झालं. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांमध्ये राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी ‘विश्राम’ प्रकल्पात गावातल्याच माणसांना शिकवून हे काम केलं. २०१७ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’त त्याचा अहवाल आला. उदास असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं होतं. विदर्भातल्या माणसाला मनाचा आजार सांगायला लाज वाटते, असं आपण किती सहज म्हणतो. विचारणारं माणूस ओळखीचं असलं की तीच माणसं सांगतात.

या साऱ्या योजनांत लक्ष होतं ते कर्ज, नापिकी आणि विष यांच्याकडे, आणि ते चुकीचं नव्हतं. पण थरथरणाऱ्या हातांच्या म्हाताऱ्याला कुणी ‘मन कसं आहे’ असं विचारलं, तर त्याचं उत्तर आता नुसतं सांत्वनाचं राहिलेलं नाही. प्रामिपेक्सोल हे कंपवातावरचं औषध उदासीवरही गुण देतं, असं २०१०च्या मोठ्या चाचणीत दिसलं. पॅरॉक्सेटीन आणि व्हेनलाफॅक्सीन या उदासीवरच्या गोळ्या कंपवात न वाढवता काम करतात, हे २०१२ साली सिद्ध झालं. समुपदेशनाचाही गुण येतो. या गोळ्या मेंदूतल्या मेलेल्या पेशी परत आणत नाहीत, आजारही थांबवत नाहीत. मन उचलतात, आणि मन उचललं की माणूस व्यायाम करतो, गोळ्या वेळेवर घेतो, चारचौघांत जातो.

यवतमाळला वसंतराव नाईक यांच्या नावाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सेवाग्राम आणि सावंगीही लांब नाहीत. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईत २००१ साली डॉ. बी. एस. सिंघल यांनी सुरू केलेली पीडीएमडीएस ही संस्था कंपवाताच्या रुग्णांना आणि घरच्यांना एकत्र आणतात. तेव्हा घरात कुणाला कंपवात असेल, तर पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना हाताची थरथर सांगून थांबू नका. झोप, भूक, रडू येणं, गप्प राहणं, जगण्याचा कंटाळा, आणि हे गोळीच्या आधी होतं की नंतर, हे सगळं कागदावर लिहून न्या. मरणाचे विचार येत असतील तर ती भेट उद्यावर ढकलू नका, आणि त्या माणसाला एकटं ठेवू नका. सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालू असतो, त्याला पैसे पडत नाहीत आणि तिथं मराठीत बोलता येतं.